पाचपट

२ एप्रिल

माझा दोस्त बिलाल म्हणाला, लिहून ठेव. काय कापलं, कशानं चिकटवलं, किती वाळू दिलं. नाही लिहिलं तर दुसऱ्या वेळी तीच चूक करशील. म्हणून ही वही. पण पहिल्याच पानावर पुठ्ठ्याचं आणि फेविकॉलचं लिहायला हात चालत नाही.

आज मयुरीचा मेसेज आला. यास्मीनच्या फोनवरून, कारण मयुरीचा फोन तिचे वडील उकंडराव रोज संध्याकाळी ओट्यावर बसून चाळतात. यास्मीन म्हणजे बिलालची बहीण. ती आणि मयुरी चिखलीच्या कॉलेजात तीन वर्षं एकाच बाकावर. मेसेज असा होता: ‘बाबा हो म्हणाले. निकाल लागला की अमरावतीले जाऊन राह्यली मी, एम.एस्सी.ले. फिजिक्स. अजून कोणाले सांगू नको.’

कोणाले सांगू नको म्हणजे मला सांगितलं. अख्ख्या उंद्री गावात मला एकट्याला. हे बिलालला बोललो तर तो म्हणतो, “एकट्याले काऊन? मले यास्मीननं कालच सांगतलं.” मग मी दुपारभर त्याच्याशी बोललो नाही.

मी पुणं सोडून इथं आलो आणि ती इथून निघाली. असंच होतं माझं.

रॉकेटचं लिहितो. बारावीत असताना सायन्सच्या सरांनी एक कीट मागवली होती. हातभर लांब पुठ्ठ्याची नळी, टोकदार नाक, खाली चार पंख, अर्धं लाल, अर्धं पांढरं. जगभरची पोरं कितीतरी वर्षांपासून पहिलं रॉकेट म्हणून हेच बांधतात, असं सर म्हणाले. ते आम्ही दोघांनी उडवलं. मयुरीने पंख चिकटवले. रॉकेट बोटावर धरून कुठं तोलतं ते पाहिलं, तिथं दोरा बांधला आणि डोक्याभोवती गोफणीसारखं फिरवलं. नाक पुढं ठेवून फिरलं तर सरळ जाईल, शेपूट पुढं आली तर पलटी खाईल, हे तिनंच सांगितलं. सरांच्या पुस्तकातून गणित मांडून किती उंच जाईल तेही काढलं. मी बटण दाबलं. ते गेलं, वर जाऊन त्याची छत्री उघडली, सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं आणि तिनं माझा दंड धरला होता. ती म्हणते तिला आठवत नाही. मला आठवतं.

तेच बांधणार. पाचपट. ती अमरावतीला जाण्याच्या आत. ते पाहिलं की ती जाणारच नाही असं मी म्हणत नाही. पण विचार तरी करेल.

९ एप्रिल

नळी मिळाली. टरबुजाच्या वावरात अंथरतात त्या मल्चिंगच्या प्लास्टिकचा रोल ज्या पुठ्ठ्याच्या नळीवर येतो, ती. लाकडासारखी कडक. दोन जोडल्या की माझ्यापेक्षा उंच. नाक थर्माकोलचं, वरून कागदाचे थर. पंख प्लायचे. छत्रीसाठी बाजारातल्या भाजीवाल्याची जुनी मोठी छत्री घेतली, तिचं लाल कापड उसवलं. आई उसवायला बसली होती. तिनं एकदाही विचारलं नाही कशासाठी. बाबांनी विचारलं.

“हे काय हाय?”

“रॉकेट.”

“पुण्यात कॉलेजात हेच करत होता?”

“हाव.”

“मंग तिथंच करत बसायचं नं बे. तिथं तं बसायले खुर्ची होती.”

मी हातातली करवत फेकली. कोंबडी थोडक्यात वाचली. आई म्हणाली, “अहो, त्याले जेवू द्या आधी,” आणि बाबा गायीकडे निघून गेले.

पुण्याचं एकदा लिहून टाकतो म्हणजे परत लिहावं लागणार नाही. कॉलेजच्या रॉकेट क्लबात मी तिसऱ्या वर्षाला होतो. सगळ्यांसमोर माझं मॉडेल समजावून सांगत होतो. बोलता बोलता ‘रॉकेट सरळ जाऊन राह्यलं’ असं निघालं तोंडातून. पहिल्या रांगेतला एक हसला, मग सगळे. मी टेबल उलटं केलं. सर म्हणाले, माफी माग. मी त्याच दिवशी सामान भरलं. निघताना क्लबच्या कपाटातली मनगटाएवढी जाड, इंधन भरलेली तयार रॉकेट-मोटर बॅगेत टाकली. विचारलं नाही. माझी अडीच वर्षं त्यांनी ठेवून घेतली, मी एक मोटर आणली.

१७ एप्रिल

बांधून झालं. रंग नाही अजून, पण उभं केलं की छाती भरून येते.

आज फिरवून पाहिलं. एवढं मोठं धूड डोक्याभोवती दोऱ्यानं फिरत नाही. बैलाचा कासरा तोलाच्या जागी बांधला, मोटरीच्या जागी तेवढ्याच वजनाची रेतीची पिशवी भरली, आणि बिलाल कासरा धरून खळ्याच्या मधोमध स्वतःभोवती गरगर फिरला. मी दूर उभा राहून पाहत होतो. पहिल्या दोन फेऱ्या डगमगलं, मग नाक पुढं धरून सरळ फिरायला लागलं. बिलालला थांबताच येईना. थांबला तेव्हा झिंगल्यासारखा चालत जाऊन कुटाराच्या, भुशाच्या ढिगावर पडला. “मी पडून राह्यलो का जमीन वर येऊन राह्यली?” म्हणत होता. खूप दिवसांनी हसलो.

यास्मीनकडून मयुरीला कळवलं. संध्याकाळी उत्तर आलं: ‘छान. पण डगमगलं म्हणजे काठावर आहे. पाचपट केलं की मागचं वजन पाचपटीपेक्षा जास्त वाढते. नाकात अजून रेती भर. रंग पातळ दे. रंग वाळल्यावर परत फिरवून पाह्य, विसरू नको. आणि त्याच्यावर काही लिहू नको. साधं लाल-पांढरंच राहू दे.’

एवढं लांब तिनं कधीच लिहिलं नव्हतं. ‘विसरू नको’ असंही. किती वेळ ते दोन शब्दच पाहत बसलो.

२४ एप्रिल

रंगाचं काम गुलाम रसूल चाचांकडे. बिलालचे अब्बा. चिखली रोडवर त्यांचं शेड आहे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतात. आसपासच्या गावांत ज्या ट्रॉलीवर मोर आहे, ती त्यांची.

चाचांनी रॉकेटवर हात फिरवला आणि म्हणाले, “बेटा, प्लायच्या शिरा दिसून राह्यल्या. लांबी भरा लागते.” पत्र्याचे खड्डे बुजवायला रंगवाले जो लगदा भरतात ना, ती लांबी. पंखांवर त्यांनी ती ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर भरतात तशी भरली, घासली, परत भरली. मग प्रायमर, मग तेलरंगाचे हात. पंख आरशासारखे झाले. ट्रॉलीची सगळी शोभा मागं असते, कारण मागून येणारा पाहतो. रॉकेटचीही शोभा त्यांनी मागंच केली. पंखांच्या कडांना पितळी पट्टीही ठोकली.

बिलाल म्हणाला, “अब्बा, जड होईन.”

“ट्रॉली दहा टन ओढते बेटा, रंगानं काय जड होते.”

मला तर आवडलं. एवढं देखणं काही मी आजवर केलेलं नाही. नाकातली रेती राहिली तेवढी भरायची. नाक आता चिकटवलेलं आहे, उघडायचं म्हणजे रंग फुटेल.

मग मी म्हणालो, “चाचा, पंखावर नाव टाका. मयुरी.”

चाचांनी ब्रश डब्यात ठेवला. “नाही बेटा. लेकीचं नाव बाप टाकते. उकंडरावच्या ट्रॉलीवर मीच टाकलं, मयुरी, मोराच्या खाली. ती चार वर्षांची होती, बापाच्या खांद्यावर बसून पाह्यत होती. दुसऱ्या कोणी टाकलं तं त्याचा अर्थ दुसरा होते.”

“अर्थ आहेच दुसरा,” मी म्हणालो.

“म्हणून तं नाही टाकत,” चाचा म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

२६ एप्रिल

मी टाकलं. चाचा नमाजाला गेले होते, बिलाल घासलेट आणायला. पिवळ्या रंगाचा डबा उघडा होता. अक्षर चाचांसारखं नाही आलं, ‘यु’ जरा खाली घसरला. पण लांबून दिसतं.

शेडसमोर उभ्या असलेल्या पोट्ट्यांनी फोटो काढले. रात्रीपर्यंत अर्ध्या गावाच्या स्टेटसला माझं रॉकेट. मला वाटलं नव्हतं इतकं बरं वाटेल.

बिलाल परत आला. त्यानं घासलेटचा डबा ठेवला, पंखाकडे पाहिलं आणि घरी गेला. जळतो.

२९ एप्रिल

उकंडराव शेडवर आले होते. मी तयार होतो. काही बोलले असते तर मीही बोललो असतो, सगळं ठरवून ठेवलं होतं. पण ते माझ्याकडे आलेच नाहीत. रॉकेटभोवती एक चक्कर मारली, चष्मा काढून नाव वाचलं, चाचांना विचारलं, “रसूलभाई, हे तुमच्या हातचं?”

“नाही. माह्या हातचा ‘म’ असा नसते.”

“तेच म्हटलं.”

गेले. एवढंच. मला वाटलं होतं माणूस भडकेल. नाव पाहून गप्प बसला म्हणजे मनातून मानलं असेल का? बिलालला विचारलं तर म्हणतो, “तुले खरंच समजत नाही का सोंग करून राह्यला?”

५ मे

मेहकरचे पाव्हणे मयुरीला पाहून गेले. मुलगा तिथं एका खाजगी शाळेत सर आहे, दीपक नाव. पसंती झाली. अठरा तारखेला साक्षगंध.

यास्मीनला विचारलं, अमरावतीचं काय. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, “आता कसली अमरावती, हर्षलभाऊ.”

बाप लोक असेच असतात. आधी हो म्हणायचं, लेकीला स्वप्नं दाखवायची आणि वेळेवर फिरायचं. उकंडरावसारख्या माणसाच्या शब्दाला काय किंमत.

हे मी बिलालला बोललो. तो ट्रॉलीखाली पाठीवर पडून खिळे मारत होता. तो बाहेर आला आणि शांतपणे म्हणाला, “तो फिरला नाही. त्याले फिरवलं. लोकं त्याले बसस्टँडवर इचारत होते, पोरीले अमरावतीले पाठवून राह्यले, का हर्षलच्या घरी. तुह्या पिवळ्या रंगानं झालं ते.”

मी त्याला ढकललं. तो पत्र्यावर जाऊन आदळला, कोपर फुटलं. त्यानं उलटून मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. फक्त म्हणाला, “रंग वाळला हाय. परत फिरवून पाहाचं होतं, मयुरीनं सांगतलं होतं. तुले एकट्याले नाही जमणार. मी आता येत नाही.”

नको येऊ. एकट्यानं बांधता आलं, एकट्यानं उडवता येईल. आणि नाव पुसायला सांगू नका कोणी. आता तर मुळीच नाही. तिच्या घराच्या गच्चीवरून आमचं टेकडीवरचं वावर दिसतं. अठरा तारखेलाच उडवतो. मेहकरवाल्यांनी पण पाहावं.

११ मे

ऊन असं की दुपारी रॉकेटला हात लावला तर चटका बसतो. सळई रोवली, तिच्यावरून ते सरकत वर जाणार. बॅटरी, वायर, बटण सगळं तपासलं. कासरा खुंटीला आहे. एकट्यानं फिरवून पाहावं असं आज दोनदा मनात आलं. मग वाटलं, हे सगळं बिलालच्या तोंडचं झालं. काठावर होतं म्हणजे पास होतं. मीही काठावरच पास होत होतो, पण होत होतो.

१८ मे

सकाळपासून वारा नव्हता. गावात लाऊडस्पीकर वाजत होता. साक्षगंधाच्या जेवणाचा वास टेकडीपर्यंत येत होता. पंधरा-वीस पोट्टे आपोआप जमले. मोबाइल वर धरून उभे. उकंडरावच्या गच्चीवर पाण्याची टाकी आणि वाळत टाकलेली चादर, बाकी कोणी नव्हतं. मी बराच वेळ थांबलो. ती वर येईल असं वाटत होतं. मग खालून टाळ्या ऐकू आल्या. अंगठी घातली असणार. मी बटण दाबलं.

सळईवरून ते सरळ सुटलं. तेवढं खरं. आवाज असा झाला की पोट्टे खाली बसले. निंबाच्या झाडाच्या वर गेलं आणि तिथं जणू कोणी शेपटीला धरून ओढलं तसं आडवं झालं. मग पलटलं. शेपूट पुढे आणि नाक मागे, गोल गोल, धूर सोडत, कोणत्या दिशेला जावं ते न समजल्यासारखं. मग नाक खाली करून धुऱ्याजवळ, वावराच्या बांधाला लागून, जमिनीत गेलं. छत्री उघडली, पण जमिनीवर पडल्यावर. लाल कापड फुगलं आणि बाभळीला अडकून बसलं.

कोणाला लागलं नाही. कुटार पेटलं नाही. एक पोट्टा म्हणाला, “मयुरी पडली बे,” आणि सगळे हसले. मी त्याच्या मागे धावलो, पण तो जोरात पळाला.

एक पंख शाबूत आहे. नाव असलेला.

२० मे

यास्मीनचा फोन आला. उचलला तर मयुरी. आवाज ओळखूच येईना, इतका साधा होता.

“फिरवून पाह्यलं होतं का?”

“नाही.”

“नाकात रेती?”

“नाही भरली.”

“लांबी किती भरली होती?”

“चाचांनी भरली. बरीच.”

“मंग ते पलटणारच होतं,” ती म्हणाली. मी म्हणालो, “मयुरी, तू म्हण फक्त. आपण आजच निघू. माझा पुण्यात मित्र आहे.”

“मले पुण्याले नव्हतं जायचं, हर्षल. मले अमरावतीले जायचं होतं.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बाबाले अजून वाटते की तुह्यं माह्यं काही होतं. म्हणून पाठवत नाहीत, म्हणून एवढी घाई. साक्षगंध झालं तरी लग्नाची तारीख दिवाळीनंतरची धरता येते. दोन वर्षं पण थांबतील ते लोक, मुलगा वाईट नाही. पण बाबाचं मन साफ व्हा लागते. तू जाऊन सांग. काही नव्हतं म्हणून सांग, नाव तुह्या मनानं टाकलं म्हणून सांग. एवढंच सांगून उठून ये.”

“काही नव्हतं?”

“हर्षल.”

“तू माझा दंड धरला होता.”

“रॉकेट वर गेलं म्हणून धरला. शेजारी सर असते तं सरांचा धरला असता.”

फोन ठेवल्यावर मी विहिरीच्या काठावर जाऊन बसलो. आई जेवायला बोलवायला आली आणि शेजारी बसली. एवढं कोरडं काही मला आजवर कोणी बोललं नव्हतं. पण तिनं माझ्याकडे काहीतरी मागितलं. पहिल्यांदाच मागितलं. ते मी करणार.

२१ मे

गेलो. आणि आयुष्यात पहिल्यांदा शांत राहिलो. ते सविस्तर लिहितो, कारण मला त्याचा अभिमान आहे.

उकंडराव ट्रॉलीच्या चाकाला ग्रीस भरत होते. म्हणाले, “बस.” मी ओट्यावर बसलो.

“काका, मयुरीचा काही दोष नाही. नाव मी माह्या मनानं टाकलं. तिनं तं सांगतलं होतं, काही लिहू नको म्हणून.”

“हाव का.”

“आमच्यात तसलं काही नव्हतं. फक्त रॉकेटचं बोलणं व्हायचं.”

त्यांनी ग्रीसचा डबा बंद केला. “कवा?”

“अधूनमधून.”

“कसं?”

“फोनवर.”

“तिचा फोन तं मी रोज पाह्यतो.”

“तिच्या नाही, यास्मीनच्या फोनवरून.” मला काही लपवायचं नव्हतं. लपवलं की संशय वाढतो. “बारावीपासूनच म्हणा. पण काका, सगळं अभ्यासाचं. तिच्यासारखं गणित कोणाचंच नाही. अमरावतीचं पण तिनं मला सांगितलं होतं, तुम्ही हो म्हणाले त्याच दिवशी. कोणाले सांगू नको म्हणे. मी कोणालाच नाही सांगितलं. एवढा तिनं माझ्यावर विश्वास टाकला, मी तो मोडीन काय?”

उकंडराव बराच वेळ हात पुसत होते. बोटं स्वच्छ झाली तरी पुसत होते. मग म्हणाले, “चहा घेऊन जा.”

चहा तिच्या आईनं आणून दिला. मी बशीत ओतून प्यायलो, नमस्कार केला, उठलो. एकदाही आवाज चढवला नाही. बाहेर पडलो तेव्हा अंग हलकं झालं होतं. पुण्यात त्या दिवशी असं वागलो असतो तर पुढच्या वर्षी इंजिनिअर झालो असतो.

२३ मे

भांडण झाल्यापासून आज पहिल्यांदा बिलाल घरी आला. आत आला नाही, दारातच मोटरसायकल चालू ठेवून उभा राहिला.

“यास्मीन तिच्या घरी गेली होती. दारातूनच परत पाठवलं. मयुरीचा फोन काढून घेतला. लग्न पाच जूनले हाय, मुहूर्त आहेत तोवर उरकून राह्यले.”

“मी तं खरं सांगितलं त्यांना.”

“हाव,” बिलाल म्हणाला. “सगळंच सांगतलं.”

“मग काय खोटं बोलायला पाहिजे होतं?”

त्यानं गाडी बंद केली, परत चालू केली. “तिनं तुले किती शब्द सांगाले सांगतले होते?”

“एवढंच की काही नव्हतं.”

“मंग तेवढेच बोलाचे होते ना बे.”

तो गेला. मी तेव्हापासून विचार करतोय. जे बोललो त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तरी प्रत्येक शब्दाला तिकडं दुसरंच वजन आलं. मला राग आला तरी बिघडतं, नाही आला तरी बिघडतं. मग मी करायचं तरी काय?

३१ मे

उकंडराव स्वतः पत्रिका घेऊन आले. बाबांना म्हणाले, “सगळ्यांनी यायचं. पोरालेही आणा. वाढायले पोरं कमी हायेत.” मी आत पलंगावर होतो. मी गेलो नाही तर गाव बोलेल, गेलो तर गाव गप्प बसेल, म्हणून बोलावलं. बाबाही हो म्हणाले, त्याच कारणासाठी. उकंडराव गेल्यावर बाबा माझ्या खोलीच्या दाराशी आले. काहीतरी बोलतील असं वाटलं. म्हणाले, “पांढरा सदरा धुवायले टाक.”

४ जून

झोप नाही. यास्मीन चाचांच्या शेडवर बसून रडत होती, मला पाहून उठून गेली. तिला लग्नाला बोलावणं नाही. बिलालला आहे.

६ जून

काल लग्न झालं. काल लिहवलं नाही.

आम्ही गावातली पोरं पंगतीत वाढत होतो. माझ्याकडे वरणाची बादली. चार पंगती उठल्या, मी मान वर न करता वाढलं. शेवटी नवरानवरीची पंगत बसली. मला दुसऱ्या ओळीत जायचं होतं, पण भाताचं पातेलं मधे आलं आणि मी नेमका त्यांच्यासमोर.

दीपकसर भला माणूस दिसतो. जाड चष्मा, कपाळावर घाम, मुंडावळ्या बाजूला सारून जेवत होता. माझ्याकडे पाहून हसला. “तुम्हीच हर्षल ना? रॉकेटवाले?”

“हाव.”

“उडलं काय मंग?”

“नाही. पलटलं.”

“होते असं,” तो म्हणाला. “आमच्या शाळेत सायन्सले कोणी टिकत नाही, पोट्ट्यांना नुसतं पुस्तकातलं वाचून दाखवा लागते. मी संस्थेत हिच्यासाठी बोलणार होतो. मले कोणी तरी म्हटलं, त्या रॉकेटचं सगळं गणित हिनंच मांडून देल्लं. खरं काय?”

मयुरीचा हात भातात होता. तिनं वर पाहिलं नाही, पण हात थांबला. दीपकच्या मागे उकंडराव बुंदीची टोपली घेऊन उभे होते. तेही थांबले. मला त्या क्षणी सगळं स्पष्ट दिसलं. मागच्या वेळी मी खरं बोललो आणि काय झालं. यावेळी मी तिला सांभाळणार होतो.

“नाही हो,” मी म्हणालो. “तिले काय समजते त्यातलं. सगळं मीच करत होतो.”

“अच्छा,” दीपक म्हणाला. “मले वाटलं.” मग ताट पुढे केलं. “वरण टाका थोडं.”

मी टाकलं. उकंडराव पुढच्या पानाकडे सरकले. मयुरीनं भात कालवला, पण खाल्ला नाही, नुसता कालवत राहिली. मी पुढे गेलो.

सगळ्यात शेवटी वाढप्यांची पंगत बसली. बिलाल माझ्या शेजारी बसला. त्यानं माझ्या पानात बुंदी टाकली आणि विचारलं, “नवरदेव काय इचारत होता तुले एवढं?”

“काही नाही,” मी म्हणालो. “वरण मागत होता.”